बाळकुमच्या बांधावर प्रभूची वाट

प्रभू पुन्हा येणार आहे, याविषयी मला कधी संशय नव्हता आणि आजही नाही. त्या वर्षी माझे मन ज्या शंकेने पोखरले होते ती निराळी होती. तो येईल तेव्हा आम्ही तयार सापडू काय, एवढेच मला रात्रंदिवस छळत असे. देशावर पाऊस पडला नव्हता आणि घाट उतरून आलेली हाडांची माणसे कल्याणच्या वेशीबाहेर झाडांखाली पथाऱ्या पसरून बसली होती. ठाण्यात तापाची साथ होती. आमच्या ख्रिस्ती मंडळीतील दोघांना आम्ही एकाच महिन्यात मूठमाती दिली. मी त्या वेळी नौपाड्यात राहत असे, मंडळीच्या लहान शाळेत गणित व व्याकरण शिकवीत असे, आणि दर रविवारी तासभर चालून बाळकुमला जात असे. तेथे सात ख्रिस्ती घरे होती. त्यांची उपासना चालविणे हे काम माझ्याकडे सोपविलेले होते.

गणिताच्या माणसाला अनिश्चितता सोसत नाही. ज्येष्ठात शाळेला सुटी होती, तेव्हा मी भविष्यवचनांतील वर्षे, महिने आणि दिवस फळ्यावर मांडले, एकाला दुसऱ्यातून वजा केले, तीन वेळा ताळा घेतला आणि शेवटी पंचांगाशी ताडून पाहिले. उत्तर आले ते भाद्रपदाच्या अमावास्येचे. प्रभूच्या येण्याचा दिवस पित्याने आपल्याजवळ राखून ठेवला आहे, असे मीच मुलांना आजवर शिकवीत आलो होतो. परंतु उत्तर तीनदा जुळले म्हणजे शिक्षकाला ते खरे वाटू लागते. पुढच्या रविवारी मी ते बाळकुमच्या माणसांना समजावून सांगितले. ती साधी, कष्टाळू, विश्वासू माणसे. मास्तरांनी हिशेब केला आहे म्हणजे तो बरोबरच असणार, असे त्यांनी धरले. माझ्या बोलण्याचा परिणाम शब्दांपुरता राहणार नाही, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

बाळकुमची भातशेती खाडीच्या काठाने होती. खाडीचे खारे पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा लांब बांध घातलेला होता, आणि त्या बांधाचा एकेक तुकडा एकेका घराकडे वाटून दिलेला होता. श्रावणात पाऊस जरा उसंत देई तेव्हा घरटी एक माणूस बांधावर जाई, खेकड्यांनी पाडलेली बिळे बुजवी, खचलेली माती पुन्हा चढवी. ज्याचा तुकडा त्यानेच राखावयाचा. दुसऱ्याच्या तुकड्याला न विचारता हात लावणे म्हणजे त्याच्या चुलीपाशी जाऊन भाकरी थापण्यासारखे, असा तेथील रिवाज होता. आमच्या सात घरांचे तुकडे वळणावर, लागून लागून होते. त्या श्रावणात सातही घरांतून कोणी गेले नाही. जग आवरावयाचे आहे तर बांध कशाला, असे त्यांनी आपापसांत ठरविले, आणि मला विचारले तेव्हा मी म्हणालो की हात प्रार्थनेत असलेले बरे.

बांधाची देखरेख करणारे गोमा पाटील एके दिवशी नौपाड्याला माझ्या शाळेत आले. ते हिंदू, आगरी, साठीच्या घरातले गृहस्थ. मुलांच्या बाकावर बसणे त्यांना जमेना, म्हणून ते दारातच उकिडवे बसले.

"मास्तर, तुमचा देव येनार म्हनतात. खाडीच्या बाजूनंच येनार काय?"

मी म्हणालो, "पाटील, हा चेष्टेचा विषय नव्हे."

"चेष्टा नाय करीत. बांधावरनं येनार असंल तर वाट तरी नीट करून ठेवा. तुमच्या मानसांच्या तुकड्यात पाय घातला तर गुडघ्यापर्यंत जातोय. देवाचा पाय मुरगलंल."

मुले हसली. मी त्यांना गप्प केले आणि पाटलांना जगाच्या नाशवंतपणाविषयी बरेच काही सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

"जग जाईल तवा जाईल, मास्तर. भात अश्विनात कापायचा हाय. आन् पानी आत शिरलं ना, तर ते ख्रिस्तावाचं शेत कुठलं नि माजं कुठलं, इचारत नाय बसनार. तीन वर्षं जमीन काय देनार नाय."

ते गेल्यावर मी पुन्हा व्याकरण शिकवू लागलो. खरे सांगतो, त्या दिवशी मला त्यांच्या अज्ञानाची कीव आली होती.

भाद्रपदाची अमावास्या उजाडली. पाऊस थांबला होता, आकाश धुतलेले होते. मी पहाटेच निघून बाळकुमला पोहोचलो. सातही घरची माणसे साळूबाईंच्या अंगणात जमली होती. साळूबाई आमच्या मंडळीतील सर्वांत वडील, विधवा, एका डोळ्याने अधू. त्यांना अक्षरओळख नव्हती. चार माणसांत मोठ्याने प्रार्थना करावयास सांगितले की त्या पदर तोंडाला लावून नाही म्हणत. त्या दिवशी त्यांनी अंगण सारवून ठेवले होते. आम्ही गाणी म्हटली, मी वाचन केले, पुन्हा गाणी म्हटली. सर्वांचे डोळे माझ्याकडे आणि माझे आकाशाकडे होते. सूर्य माथ्यावर आला. माझ्या मनात भक्तीपेक्षा एक निराळेच कुतूहल होते, ते येथे लपविण्यात अर्थ नाही. माझे उत्तर बरोबर येते की नाही, हे मी पाहत होतो.

इतक्यात बांधाकडून ओरडा ऐकू आला. "फुटला! वळनावर फुटला!"

अमावास्येच्या उधाणाची भरती चढत होती. मी प्रार्थना करीत होतो आणि डोळे मिटून ती पुढे चालवावी की थांबावे, हे मला ठरवता येईना. तेव्हा साळूबाई उठून उभ्या राहिल्या.

"मास्तर, आमेन म्हना लवकर. पानी आयलं."

त्यांनी पदर खोचला, कोपऱ्यातले घमेले उचलले आणि चालू लागल्या. त्यांच्या मागून सारे अंगण रिकामे झाले. मीही धावलो.

बांधाला जेथे खिंड पडली होती तो तुकडा आमच्याच एका घराचा होता. खेकड्यांच्या बिळांतून पाझर लागला होता, आणि आता दोन हात रुंद तोंडातून खाडीचे पाणी धो धो आत शिरत होते. त्याच्यापलीकडे साऱ्या गावाचे भात पोटरीला आलेले उभे होते. गोमा पाटील छातीभर पाण्यात होते. घरोघरी त्या दिवशी पितरांची पाने वाढावयाची होती. ती तशीच टाकून आगरी मंडळी धावत आली होती, कित्येकांच्या कपाळी गंध ओले होते. आमचा तुकडा आहे म्हणून एकही माणूस अडून राहिला नाही. मातीची ढेकळे टाकावी तर पाणी ती खाऊन टाकी. दोन हातांची खिंड पाहता पाहता चार हातांची झाली.

मी कोटासह चिखलात उतरलो, आणि उभा राहिलो. मला तेथले काहीच येत नव्हते. माझ्या सांगण्यावरून सात घरांनी हात आवरले होते, आणि आता दोनशे माणसांच्या तोंडचा घास माझ्या डोळ्यांदेखत वाहून चालला होता. महिनोन्महिने मी प्रभूला लवकर ये म्हणून विनवीत होतो. त्या घटकेला माझ्या तोंडून निघाले, "प्रभो, आज नको. थोडे थांब. आधी हे पाणी थांबव." माझ्या आयुष्यातील सर्वांत खरी प्रार्थना तीच असावी, असे मला वाटते. तिला व्याकरण नव्हते आणि ताळाही नव्हता.

तेव्हा वळणाच्या पलीकडून एक गलबत आले. शहाडकडून गवत भरून वसईला निघालेले ते गलबत रात्री आमच्या काठाला थांबले होते. सकाळच्या ओहोटीला ते निघून जावयाचे. परंतु त्याचा नांगर चिखलात असा रुतला की ओहोटी सरली आणि भरती लागली तरी तो सुटेना. भरतीने गलबत उचलले तेव्हा कोठे नांगर मोकळा झाला. हे त्याच्या तांडेलाने, म्हणजे गलबताच्या प्रमुखाने, नंतर शिव्या घालीत आम्हांला सांगितले. दणकट, काळा, डोक्याला लाल फडके बांधलेला माणूस. त्याने गलबत खिंडीच्या तोंडाशी आडवे आणले, बांबू रोवून अडकविले, आणि पाण्याचा जोर निम्मा तोडला. मग त्याने गवताचा भारा उचलला.

"ओ कोटवाले! देवळात उभे हाव काय? भारा झेला!"

मी तो झेलला आणि भाऱ्यासकट खाली बसलो. कोणी तरी हसले. भर पाण्यात, त्या प्रसंगी, माणसे हसली, आणि त्या हसण्याने साऱ्यांच्या हातांत बळ आल्यासारखे झाले. मी उठून दुसरा झेलला. भारा मी साळूबाईंकडे देई, त्या पाटलांच्या सुनेकडे देत, ती पाटलांकडे. पाटील तो खिंडीत दाबून बांबूने ठोकीत, वरून दहा घमेली माती पडे. पुन्हा भारा. कोण ख्रिस्ती, कोण हिंदू, हे त्या रांगेत ओळखू येण्यासारखे नव्हते. सगळ्यांचा रंग खाडीच्या चिखलाचा होता. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. एका क्षणी पाटलांनी हात वर केला आणि सगळे थांबलो. पाणी बाहेरच्या अंगाला, बांधाच्या काठाखाली चार बोटांवर, स्थिर उभे होते. मग ते किंचित खाली गेले. भरती फिरली होती.

आत आलेले पाणी ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, काढून दिले. वळणाजवळची दोन शेते गेली. बाकी सारे भात वाचले.

तांडेलाचे अर्धे गलबत रिकामे झाले होते. गोमा पाटील त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले. तो म्हणाला, "गवत काय, डोंगरावर पुन्ना उगवंल. तुमचं भात उगवनार होतं काय? सोडा दोर. पानी गेलं तर मी हितंच सुकत राहीन." मी त्याला नाव विचारले. "नाव घेऊन काय करनार? आदी अंग धुवा," असे म्हणून तो हसला आणि ओहोटीबरोबर निघून गेला. पुढे मी कल्याणच्या बंदरावर आणि शहाडलाही चौकशी केली. तसा तांडेल तेथे पुष्कळांना ठाऊक होता, पण त्याची माझी भेट पुन्हा झाली नाही. तो कोणी देवदूत होता असे माझे म्हणणे नाही. त्याचा नांगर त्या दिवशी का रुतला, याविषयी माझे मत मी माझ्यापाशी ठेवतो आणि त्याबद्दल रोज आभार मानतो.

मी बांधावर बसून होतो. गोमा पाटील शेजारी येऊन टेकले. मी म्हणालो, "पाटील, हा दोष माझा आहे. तुम्ही सांगावयास आला होता, मी ऐकले नाही. मला क्षमा करा."

त्यांनी पायांवरचा चिखल निपटून काढला. मग म्हणाले, "क्षमा नंतर बगू. सात घरांचा बांध आदी. उद्या कुदल घेऊन या. कोट नको."

दुसऱ्या दिवशी शाळा बंद ठेवून मी गेलो. माझ्या हातांना फोड आले, आणि पाटलांनी माझे काम दोन वेळा मोडून मला पुन्हा करावयास लावले. आश्विनात भात कापले गेले. ज्यांची दोन शेते गेली होती त्यांच्या खळ्यावर गावाने घरटी सुपे ओतली, आणि त्यांत आमच्या सात घरांची सुपे पहिली होती.

बांध फुटल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी साळूबाईंच्या अंगणात मंडळीपुढे उभा राहून माझा हिशेब चुकला असे सांगितले. आकडे कोठे चुकले ते मी शोधले नाही, कारण चूक आकड्यांत नव्हती. अंत जवळ असेल तर एकमेकांना धीर देण्याची निकड अधिक आहे, आणि मी मात्र त्याच कारणाने त्यांना शेजाऱ्यांपासून तोडून अंगणात बसविले होते. प्रभूची वाट पाहणे म्हणजे आकाशाकडे टक लावणे, असे मी शिकविले. वाट पाहणाऱ्याचे हात कोठे असावेत हे मला शिकविले ते निरक्षर साळूबाईंनी, मूर्तिपूजक म्हणून मी ज्यांची कीव केली त्या पाटलांनी, आणि शिव्या देणाऱ्या एका तांडेलाने. विश्वासात वाढणे हे मला वाटे तसे एका वर्गातून वरच्या वर्गात चढणे नव्हे. कित्येकदा ते गुडघाभर चिखलात उतरून, दुसऱ्याने दिलेला भारा तिसऱ्याच्या हाती देणे असते. मी स्वतःला प्रभूच्या स्वाधीन केले आहे असे पूर्वीही म्हणत असे. परंतु त्याचे वेळापत्रक मी माझ्याच खिशात ठेवले होते. ते त्याला परत दिल्यावर माझे मन जितके निश्चिंत झाले, तितके ते कधीच नव्हते.

कबुली देऊन झाल्यावर माझ्याने प्रार्थना करवेना. मी खाली बसलो. तेव्हा साळूबाईंनी तोंडावरचा पदर बाजूला केला आणि आयुष्यात प्रथमच सगळ्यांदेखत मोठ्याने प्रार्थना केली. ती मी जशी ऐकली तशी लिहून ठेवतो.

"प्रभू, तुला येवाचं तवा ये. आमी घरात नाय दिसलो तर बांधावर बग."

सात घरांनी आमेन म्हटले. मला त्यात काही दुरुस्त करावेसे वाटले नाही.