माडीवर देव होते म्हणून

आमच्या आळीविषयी अलीकडे जे बोलले जाते, ते मला मान्य नाही. महाडच्या बाजारामागची ती आळी म्हणजे जणू एकच कुटुंब होते आणि पूर आला की कोणी सोवळे-ओवळे पाहत नसे, असे मुंबईस गेलेल्यांची मुले सांगतात. याच पुराणात एका बाळंतिणीला मी खांद्यावरून माडीवर नेले, हेही ते घालतात. मी तीनदा खोडून काढले. आता लिहूनच ठेवतो.

गोष्ट एकोणीसशे तिसाच्या आगेमागेची, श्रावणातली. मी बावीस वर्षांचा होतो. आळीत माडी असलेली घरे तीनच, त्यांतले एक आमचे. पाणी दुसऱ्या पायरीला लागले की सखल घरांतल्या माणसांनी माडीच्या घरी यावे, हा रिवाज होता. पण त्याआधी आणखी एक रिवाज होता : घरातले देव सर्वांत आधी वर जात. आमचे देव त्या दिवशी सकाळीच वर गेले. माडी सोवळ्यात आली.

समोरच्या बैठ्या घरात एक शिंपी राहत असे. त्याची बायको बाळंत होऊन पाचवा दिवस होता; दहा दिवसांचा विटाळ अजून फिटला नव्हता. दहाच्या सुमारास नुकताच पाऊस थांबला, तेव्हा तो पाण्यातून आमच्या ओटीवर आला.

"तात्या, हिला वर आणू का?" त्याने वडिलांना विचारले.

आतून आई म्हणाली, "देव वर आहेत हो."

वडील तिथीवरून भरती-ओहोटी सांगत. आळीला त्यांच्या शब्दाचा भरवसा असे. खाडीला भरती असली की सावित्री नदीचे पाणी तुंबते, ओहोटी लागली की उतरते. त्यांनी पंचांग मिटले. "भरती सरली. तासाभरात पाणी उतरेल. ओल्या बाळंतिणीला कशाला हलवतोस?"

पोलादपूरकडच्या डोंगरवाडीवरचा एक तूपवाला ओटीवर अडकून पडला होता. तो म्हणाला, "तात्या, तुमचा पंचांग दर्याचा हाय. डोंगराचा कुनी लिवलाय? वर कालधरनं लय पडतंय. आमच्या कापडे गावच्या खाचरांत पानी मावत नाय."

"तू तूप वीक," वडील म्हणाले. सगळे हसले. शिंपीही हसला आणि परत गेला.

वडिलांनी जाणूनबुजून खोटे सांगितले, असे म्हणणारा एक पक्ष आजही आहे. त्यांना मी ठणकावून सांगतो : वडील खोटे बोलले नाहीत. समुद्राचे त्यांचे गणित अचूक होते. घाटात पडलेले पाणी आमच्यापर्यंत यायला काही तास लागतात, हे ते विसरले. मात्र ती चूक आम्हा सर्वांना सोयीची होती, हेही मी लपवणार नाही.

तासाभरात पाणी उतरले नाही. तांबडे होऊन, उपटलेली बांबूची बेटे घेऊन चढले. शिंप्याच्या दारातून खाट निघाली, एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला तूपवाला. दोघेही छातीभर पाण्यात. खाटेवर ती, तिच्या छातीशी मूल. आमचा जिना एका माणसापुरता अरुंद, आणि त्याच्या चौथ्या पायरीवर मी उभा होतो.

"जरा थांबा," मी म्हणालो. "देव हलवू द्या."

हेच मी केले. खांद्यावर कोणाला घेतले नाही. देव हलवून ठेवायचे कुठे, हेही मला ठाऊक नव्हते. माडीला खोली एकच. तूपवाल्याचा पाय घसरला, खाट कलली, आणि तिच्या मांडीवरून पाणी गेले. ती मूल वर धरून म्हणाली, "याला तरी घ्या. मी राहते इथं."

मी हात पुढे केला नाही. किती वेळ, ते मला विचारू नका, फार नसेल. पण त्या अवधीत शिंपी माझ्याकडे पाहत होता.

मागून आईने मला खांद्याने भिंतीला दाबले आणि दोन पायऱ्या उतरून मूल घेतले.

"चढ गो पोरी," ती म्हणाली. "देव बघतील त्यांचं ते."

बाळंतीण वाचली, मूलही वाचले. आईने तिला देवांपासून दोन हातांवर निजवले आणि स्वतःच्या लुगड्यात गुंडाळले. वडील जिन्यावर बसून राहिले. वर आले नाहीत.

पुढल्या पावसाळ्यात नदी फुगू लागली. पाणी आळीत शिरायच्याही आधी शिंपी बायको-मुलाला घेऊन उंचावरच्या शाळेकडे निघाला. मी ओटीवरून हाक मारली, "अहो, वर या की. आई वाट बघते आहे."

"काकूंना नमस्कार सांगा," तो म्हणाला. "शाळा बरी. तिथं कुणाला विचारावं लागत नाय."

दाराशी त्याचे शिवणयंत्र होते. ते उचलायला मी खाली उतरलो. त्याने माझ्याआधी वाकून ते उचलले, डोक्यावर घेतले आणि बायकोच्या मागोमाग चालू लागला.