तिचा पहिला नकार

अल हैलमध्ये आम्ही ज्या घराच्या वरच्या मजल्यावर राहतो, त्याची मालकीण खाली राहते. साठीची ओमानी बाई. मी तिला खाला, म्हणजे मावशी म्हणते, ती मला बिंती म्हणते, म्हणजे माझी मुलगी. गेली नऊ वर्षं रोज संध्याकाळी मी तिच्याकडे कहवा, म्हणजे बिनसाखरेची कॉफी प्यायला जाते. तिच्या सुनासुद्धा इतक्या नेमाने येत नाहीत, हे मी पुण्याला बहिणीला फोनवर किती वेळा ऐकवलं असेल, त्याला सुमार नाही.

मग वरच्याच मजल्यावर आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये शिराझची एक तरुण बाई राहायला आली. नवरा सोहारला कामाला, आठवड्यातून एकदा घरी येणारा. पहिल्याच भेटीत मी "तुम्हा अरब लोकांत" असं काहीतरी म्हणाले, तर तिने मान ताठ केली. "मी अरब नाही. इराणी." लिपी सारखी दिसते म्हणून मी आजवर सगळ्यांना एकाच माळेचे मणी समजत होते. तिला कुराण वाचता येई, पण खालाचं साधं बोलणं कळत नसे. तिचं नवं वर्ष वसंतात सुरू होणार, खालाचं चंद्राच्या मर्जीने. खाला खजुराबरोबर कडू कहवा पिणार, ही दातांत साखरेचा खडा धरून चहा. इतका फरक म्हटल्यावर या दोघींचं जमणार नाही, अशी माझी खात्री होती.

कसलं काय! पंधरा दिवसांत तिने केशर घातलेला भात उलटा करून आणला, वर तळाची सोनेरी खरवड. खालाने बोटं चाटली आणि म्हणाली, "माशाल्ला, बिंती!" बिंती? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अरबी अक्षरं घशातून काढता काढता माझा घसा सोलून निघाला होता, आणि ही बया दोन शब्द न बोलता मुलगी झाली. आयत्या बिळात नागोबा.

वर दोघींमधली दुभाषी मीच. तिचं मोडकं इंग्रजी मी अरबीत सांगायची, खालाचं अरबी इंग्रजीत. त्यात संधी साधून तिच्या तऱ्हाही खालाच्या कानावर घालायची. "तुमचं बरं असतं खाला. कहवा पुरे झाला की पेला हलवायचा, खलास. यांच्यात नको म्हणजे नको नसतंच." हे मला अनुभवाने कळलं होतं. एकदा मी तिला पुरणपोळी देऊ केली. ती नको म्हणाली, मी ताटली परत घेऊन आले. पुढे तिनेच हसत सांगितलं, की पहिले दोन नकार रीत म्हणून द्यायचे असतात, तिसऱ्यांदा विचारलं की मग खरं उत्तर. त्या दिवशी ती दाराआड माझ्या परत येण्याची वाट बघत होती म्हणे.

मोठ्या ईदला खाला शुवा करते. मटणाला मसाला चोळायचा, पानांत गुंडाळायचं आणि जमिनीतल्या भट्टीत दिवसभराहून जास्त पुरून ठेवायचं. चोळायला फक्त घरच्या बायका बसतात. घरच्या बायका आणि मी. यंदा ईदच्या आधी तिघी कहवा पिताना खाला शिराझवालीकडे बघत म्हणाली, "हिलाही सांग, मसाल्याला बसायला ये म्हणावं."

मी सांगितलं. तिचा चेहरा फुलला. मग छातीवर हात ठेवून ती म्हणाली, "नाही नाही, घरच्यांत मी कशाला? तुम्हाला त्रास."

हा पहिला नकार आहे, हे मला लख्ख कळत होतं. मी खालाकडे वळले आणि म्हणाले, "ती नको म्हणते." शब्दाला शब्द खरा.

"बरं," खाला म्हणाली. "तू वर गेल्यावर पुन्हा विचार."

मी विचारलं नाही.

मसाल्याच्या दिवशी अंगणात चटया पसरल्या होत्या. माझे हात कोपरापर्यंत लसूण आणि मिरचीत. खालाने वर पाहिलं. शिराझवाली खिडकीत उभी होती, नवे कपडे घालून, केस नीट बांधून.

"विचारलंस?"

"हो. नको म्हणाली."

"किती वेळा?"

मी मटण चोळत राहिले.

"तू आलीस त्या वर्षी तूही नको म्हणाली होतीस," खाला शांतपणे म्हणाली. "मी चार वेळा जिना चढले होते."

हे मी साफ विसरले होते. आपल्याकडे पहिल्या बोलावण्याला हो म्हणतं का कुणी? 'कशाला उगाच' असं म्हणायचंच असतं. दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकत खाला उठली. मीही उठू लागले, तर तिने हातानेच बस म्हणून खुणावलं. दुभाषी नको होती.

खालून मला सगळं ऐकू येत होतं. खालाचं अरबी, तिचं फारसी. पहिला नकार. दुसरा. तिसऱ्याला दोघी मोठ्याने हसल्या आणि जिन्यावर दोन जोड्या चपला वाजल्या. शरमेने माझी मान वर होत नव्हती, तरी मनात आलंच: तिच्यासाठी एकदाच चढली, माझ्यासाठी चारदा. आणि मला बरं वाटलं.