आडनाव विचारून झाल्यावर

अक्काच्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या, हृदयाची झडप खराब होती. तिला दिवस गेल्यावर साक्रीच्या डॉक्टरांनी गर्भपाताची चिठ्ठी देऊन आम्हाला धुळ्याला पाठवलं.

तिथल्या सरकारी डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि आडनाव विचारलं. त्यावरून काही उलगडा होईना, तेव्हा गावात कुठल्या बाजूला राहता, असं विचारलं. अक्काने बुद्धविहाराजवळ म्हणून सांगितलं. मग त्यांनी हात जोडले.

"माझ्या मनाला हे पटत नाही, ताई. मी जीव घेत नाही."

"मना जीव जीव नही का, भाऊ?" अक्का स्वतःच्या छातीवर हात ठेवून हसत आमच्या अहिराणीत म्हणाली.

दुसरं कोण करेल, तेही त्यांनी सांगितलं नाही. "सांगणं म्हणजे करण्यासारखंच," म्हणाले. दुसऱ्या दवाखान्याची चौकशी चालू असतानाच अक्का दम लागून गेली.

तेव्हा मला त्या माणसाबद्दल आदरच वाटला होता. शंका फार नंतर आली. मनाविरुद्ध काम करायला कुणालाच लावू नये, असं मी आजही मानतो. पण नकार मनातूनच आला होता, तर त्यांना आमची वस्ती कशाला हवी होती?