फाउंड्रीत ऐकू आलेला तानाजीरावांचा आवाज

मी मॅनेजमेंट सिस्टिमची ऑडिटर. कारखान्यात जायचं, चेकलिस्टवरचा एकेक प्रश्न विचारायचा, पुरावा बघायचा, मगच टिक करायची. ही सवय घरीसुद्धा सुटत नाही. त्यामुळे कुणी नसताना आवाज ऐकल्याचे अनुभव सांगणारे लोक मला रिकामटेकडे वाटायचे... गेल्या वर्षीपर्यंत.

कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीतली, लोखंडाचं ओतकाम करणारी फाउंड्री. भर दुपार, जेवणाची सुट्टी. शेडमध्ये दोघेच — मी आणि भट्टीचे सुपरवायझर तानाजीराव. मुरगूडचे. आवाज असा खणखणीत, की भट्टीच्या घरघरीतही लांबून ओळखावा. सुरक्षेची चेकलिस्ट पूर्ण झाली, सगळं व्यवस्थित होतं. मी पेनाला टोपण लावलं.

"म्याडम, माझं इचारायचं ऱ्हायलं की!"

आवाज वाळूच्या ढिगाकडून आला. तानाजीरावांचाच. आणि ते तर माझ्यासमोर उभे होते — तोंड मिटून.

"तुम्ही बोललात?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "न्हाय वो... पर आवाज माझाच हाय."

आम्ही ढिगामागे जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं.

मी हसण्यावारी नेलं नाही. त्यांच्याच जिवाचं काही तपासायचं राहिलं असावं, म्हणून चेकलिस्ट बाजूला ठेवून भट्टी, क्रेन, साखळ्या, त्यांचं हेल्मेटसुद्धा पुन्हा तपासायला लावलं. मॅनेजरांच्या मागे लागून त्यांची वैद्यकीय तपासणी करवली. ईसीजीसकट सगळं नॉर्मल! तरी त्यांना भट्टीवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. फोनवर मला म्हणाले, "आता काय खोकी पडणार हाईत व्हय अंगावर?" हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं.

त्याच आठवड्यात, स्टोअरच्या खुर्चीत, बोलता बोलता गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. का थांबलं, ते त्यांनाही सांगता येईना.

मी मुरगूडला गेले. त्यांची बायको, सुनंदावहिनी, भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"मालक त्या दिवशी घरी आलं आन् जेवलंच न्हाईत," त्या म्हणाल्या. "म्याच म्हटलं, म्याडमनी समदं तपासलंय न्हवं? मग कशाला भ्यायचं?"

मला रडूही येईना. आवाज कुणाचा, कुठून आला, आणि एवढं सगळं करूनही माणूस का गेला... मला आजही माहीत नाही. कधी कळेल ही आशाही उरलेली नाही.

निघताना वहिनींनी माझा हात धरला.

"तुमी शिकलेली मान्सं. आता आमी कुणाला इचारायचं, तेवढं तरी सांगा की."

मी हात सोडवून घेतला आणि गाडीत जाऊन बसले.