जेवणानंतर एक

माझ्या वहिनीनं औषधांचं दुकान टाकलं त्याला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिनं कमावलं काय, तर एक नाव : नाहीबाई.

गिऱ्हाईक म्हणतं, "ती लाल-पांढरी कॅप्सूल द्या, शेजाऱ्यांना लागू पडली."

"मग शेजाऱ्यांचा चष्माही घाला, तोही लागू पडेल. चिठ्ठी आहे?"

"नाही."

"मग कॅप्सूलही नाही."

गिऱ्हाईक बोटं मोडत जातं आणि खोकला वाढला की परत येतं. मागे आरोग्य खात्याचे साहेब आले. 'आपले आरोग्य आपल्या हाती' अशी भलीमोठी पाटी लावून त्यांनी फोटो काढून घेतला. जाताना हळूच चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागितल्या. मिळाल्या नाहीत. पाटीमागे आता झुरळं सुखात आहेत.

परवा समोरचे म्हातारे घड्याळजी डोकेदुखीचा बाम घ्यायला आले. बाम राहिला बाजूला, वहिनीनं त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब एकशे नव्वद!

"रक्तदाबाची गोळी रोज घेता ना, काका?"

"लिहिलंय तसंच करतो."

"पाकीट आणा बघू."

आणलं. चार महिन्यांपूर्वीचं, जसंच्या तसं. फक्त कोपऱ्यातली एक गोळी गेलेली. वहिनीनं तोंडाचा पट्टा सोडायच्या आत काकांनी तिचंच अक्षर तिच्यापुढे धरलं : 'रात्री जेवणानंतर एक'.

"ही गेल्यापासून रात्री जेवतंय कोण? चहा-बिस्किट खातो नि पडतो. चहानंतर घ्या, असं कुठं लिहिलंय? ही एक घेतली ती तेराव्याला. त्या दिवशी जेवलो होतो."

जन्मभर सेकंदकाटे जुळवलेला माणूस, लिहिलं त्याच्या बाहेर जाणार कसा? आणि खरी गंमत पुढेच. त्या गोळीला जेवण लागतच नाही. सगळ्याच पाकिटांवर 'जेवणानंतर' लिहायची वहिनीच्या हाताला सवय. साऱ्या गल्लीला शिकवणारी स्वतःच चुकली होती. मला हसू येत होतं, पण तिचे डोळे पाहिले आणि माझीच मला लाज वाटली.

तिनं लगेच मला काकांबरोबर डॉक्टरांकडे पिटाळलं. परत आलो तेव्हा पाकिटावरचा 'जेवणानंतर' खोडलेला होता.

"गोळी चहाबरोबरही चालेल," ती म्हणाली. "पण उद्यापासून रात्री आठला आमच्याकडे जेवायला यायचं."

"नाही, नाही, कशाला..."

"काका, या दुकानात 'नाही' म्हणायचा मक्ता माझा आहे."