काचेवर धरलेली पोलादी पट्टी

तुमच्या आजोबांचं पुस्तक तुम्ही दोन पानं वाचून सोडून दिलंत, तेव्हा मी किती चिडले होते ते आज सांगते.

अंबरनाथला आजोबांचा छोटा छापखाना होता. प्रुफं मी वाचायची. आपल्या आठवणींचं चाळीस पानी पुस्तक त्यांनी स्वतः शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलं आणि वर्षभरात ते गेले. पुढे पुराच्या वर्षी आपल्या मांजर्लीच्या घरात नदी शिरली, पुस्तकांच्या गठ्ठ्यांचा लगदा झाला. शेजारणीने वाचायला नेलेली एकच प्रत तेवढी बचावली. तुम्ही इतक्या लांब. म्हणून पुस्तक इंटरनेटवर घालायचं ठरवलं.

उल्हासनगरला वेबसाइट करून देणारे एक सिंधी गृहस्थ मिळाले. मी बजावलं, छापलंय तस्संच हवं. दोन कॉलम, दोन्ही कडा सरळ.

"आंटी, स्क्रीन म्हणजे कागद नाय. पब्लिक खाली खाली वाचत जातं."

"पब्लिक नाही, माझी नातवंडं वाचणार आहेत!" मी पिशवीतून आजोबांची माप घ्यायची पोलादी पट्टी काढली आणि मॉनिटरच्या काचेवर धरली. कॉलम एवढाच रुंद! त्यांनी तसं केलं.

मग तुमचा फोन. "आजी, दुसरा कॉलम अर्धा स्क्रीनबाहेरच जातो. पहिला संपला की परत वर चढायचं. शब्दांमध्ये नुसती भोकं. कंटाळलो गं."

कंटाळलो म्हणे! मी तडक उल्हासनगर गाठलं.

"असं होणार हे माहीत होतं, तर माझं ऐकलंत कशाला?"

"आंटी, तुम्ही पट्टी घेऊन उभ्या होत्या! मला शाळेतल्या बाई आठवल्या."

त्यांचं बरोबर होतं, म्हणून आणखीच संताप आला. कागदावर पहिल्या कॉलमच्या तळाशी आलं की नजर क्षणात दुसऱ्याच्या माथ्यावर जाते. इथे तो माथा केव्हाच वर निघून गेलेला. आजोबा ओळीतल्या फटी हाताने सारख्या करत, हे यंत्र नुसतं ताणतं. इतकी वर्षं प्रुफं वाचून मला हे सुचू नये?

त्यांनी एकच कॉलम केला, ओळी मोकळ्या केल्या, उजवी कड सोडून दिली. उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसते ती. पाहिली की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

आठवड्याने तुमचा फोन आला. "आजी, आजोबांनी छापखान्यातलं मोठं मशीन विकलं त्या दिवशी तू खरंच जेवली नाहीस?"

नव्हते जेवले. रागानेच. पण ते शेवटच्या पानावर आहे.

कड मी तशीच राहू दिली.