यांच्या हातचं टूल

आमच्या घरात टूल हा शब्द उठता-बसता कानावर पडायचा. लेथवर लोखंड कापणारा बोटभर पोलादी तुकडा म्हणजे टूल. नळ गळायला लागला की पलंगाखालून ओढायची ती पेटी, तिच्यातला पान्हा, पक्कड, सगळं टूल. मुलाच्या कॉम्प्युटरमध्येही टूल असतात म्हणे. मला काही दिसली नाहीत बाई. आणि साहेबांच्या पुढेपुढे करणाऱ्या सुपरवायझरला तर हे चिडून टूलच म्हणायचे. पण खरं टूल एकच, असं यांचं ठाम मत: हाताने घासलेलं.

हे कारखान्यात तीस वर्षं लेथवर. ग्राइंडरच्या फिरत्या दगडावर टूल धरायचं आणि ठिणग्या बघून कोन साधायचा, मापबिप काही नाही. अख्खं खातं यांच्याकडून टूल घासून घ्यायचं. डबा तसाच राहिला तरी चालेल, पण कुणाला नाही म्हणणार नाहीत. "घरातली सुरी बोथट पडलीय, तिला धार लावायला मात्र सवड नाही," मी कुरकुरायचे. नुसते हसायचे.

मग यांचा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप बशीवर वाजायचा, मग शर्टाची बटणं लागेनात. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार. मी यांना बजावलं, कारखान्यात चकार शब्द काढायचा नाही, निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत. सकाळी बटणं मी लावून द्यायचे, डब्याचं झाकण सैल ठेवायचे. खात्यात कुणाला पत्ता लागला नाही.

शेजारच्या लेथवर यांचे मित्र, लंबू भावजी. मला सख्ख्या दिरासारखे. एका दुपारी यांनी घासून दिलेलं टूल त्यांनी लावलं, मशीन सुरू केलं, आणि टूल तडकलं. तुकडा चष्म्याच्या कडेने आत घुसला. डावा डोळा गेला तो गेलाच.

घरी आल्यावर हे म्हणाले, "घासताना माझा हात हलला. कोन चुकला हे मला तेव्हाच कळलं होतं गं. पण परत घासायला घेतलं असतं तर सगळे बघत राहिले असते. तसंच दिलं मी."

चौकशी झाली. यांच्या टूलवर संशय घेणं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. भावजींनी मशीन जास्त वेगात चालवलं, असं ठरवून मोकळे झाले सगळे, आणि भावजींना कामावरून काढलं. हे खरं सांगायला निघाले होते. बूटसुद्धा घातले होते. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. "तुम्ही सांगितल्याने डोळा परत येणार आहे का? एक घर बुडालं, आता हेही बुडवायचंय?" हे बूट काढून बसले. हो, मीच अडवलं. दुसऱ्या कुणाला कशाला बोल लावू?

आणि वर मीच रोज भावजींच्या डोळ्यात औषध घालायला जायचे, कारण जाऊबाई, म्हणजे त्यांची बायको, दिवसभर कामावर. भावजी विचारायचे, "वहिनी, मी खरंच वेग वाढवला असेन का हो? मला तर काहीच आठवत नाही." मी म्हणायचे, "हलू नका, थेंब बाहेर जाईल."

आठ महिन्यांनी हे मला न सांगता साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. सगळं सांगितलं, थरथरता हात पुढे करून दाखवला. साहेबांनी कॉम्प्युटर यांच्याकडे वळवला. "अपघातांच्या नोंदींसाठी हे नवीन टूल आलंय. बंद झालेली नोंद ते उघडू देत नाही. माझ्या हातात काही नाही." हात मात्र त्यांनी नीट बघून घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून यांना घरी बसवलं. भावजींना परत घेतलं नाही ते नाहीच. अरे वा रे न्याय!

घरी आल्यावर हे म्हणाले, आता त्याला सांगतो. संध्याकाळी आम्ही दोघं भावजींकडे गेलो. बसा म्हटलं तरी हे बसले नाहीत, उभ्यानेच सगळं बोलून टाकलं. जाऊबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या, त्या थांबल्या. भावजी ओरडतील, अंगावर धावून येतील, असं मला वाटलं होतं. तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी वेग वाढवला नव्हता," ते म्हणाले.

"नव्हता."

मग भावजींनी माझ्याकडे बघितलं आणि यांना विचारलं, "वहिनींना माहीत होतं?"

'हो' म्हणायला तोंड उघडलं होतं मी, देवाशपथ.

"नाही," हे म्हणाले. "तिला आजच सांगितलं."

भावजींनी मान हलवली. जाऊबाई उठल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला पाणी आणून दिलं. यांना दिलं नाही. मी ते प्यायले.